भोपाळच्या बेगमांची राजवट

मध्य भारतातील भोपाळ संस्थानावर १८१९ ते १९२६ या काळात, मधली काही वर्षे वगळता, कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतान जहान या चार बेगमांनी राज्य केले. अज्ञान मुलाच्या नावाने कारभार पाहणाऱ्या स्त्रिया हिंदुस्थानात अनेक झाल्या. भोपाळला मात्र गादी आईकडून मुलीकडे गेली आणि ती स्वतःच्या हक्काची आहे, हे या स्त्रियांनी मान्य करून घेतले. त्यांची खरी थोरवी यात आहे.

१८१२-१३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी घातलेल्या वेढ्यातून भोपाळ बचावले आणि १८१८ मध्ये त्याने इंग्रजांशी तह केला. पुढच्याच वर्षी नवाब नजर मोहम्मदखान पिस्तुलाची गोळी चुकून सुटल्याने दगावला. त्याची तरुण विधवा कुदसिया हिने तान्ह्या सिकंदरच्या नावाने कारभार हाती घेतला. पण सिकंदरशी जो लग्न करील तो नवाब होईल, अशी अट त्यात होती. त्या अटीनुसार १८३७ मध्ये जहांगीर मोहम्मदखान गादीवर आला. त्याने गरोदर सिकंदरवर तलवार चालवली, तेव्हा ती जखमी अवस्थेत आईबरोबर इस्लामनगरच्या किल्ल्यात राहायला गेली. शाहजहानचा जन्म तिथलाच, १८३८ चा.

जहांगीर १८४४ मध्ये वारला आणि मुलगी शाहजहान नावापुरती राज्यकर्ती ठरली. पुढे कारभार हाती आल्यावर सिकंदरने पडदा न पाळता मुलुखभर घोड्यावरून फिरून महसुलाची घडी बसवली, संस्थानाचे तीन जिल्हे पाडले आणि कर्ज फेडले. शाहजहानच्या नवऱ्याला नवाबीचा केवळ मान मिळेल, सत्ता नाही, हेही तिने इंग्रजांच्या गळी उतरवले. १८५७ च्या उठावात ती इंग्रजांच्या बाजूने उभी राहिली, आणि १८६० मध्ये तिला स्वतःच्या हक्काने राज्यकर्ती म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी सज्ञान झालेल्या शाहजहानने आईकरिता गादी सोडली. मुलीने हक्क सोडून आईला राज्यावर बसवल्याचे असे उदाहरण विरळाच.

शाहजहानने १८६८ ते १९०१ राज्य केले. ताजुल मसाजिद या भव्य मशिदीचे काम तिनेच सुरू केले. सुलतान जहान १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची पहिली कुलपती झाली आणि सांचीच्या स्तूपांच्या जतनासाठीही तिने पैसा पुरवला. थोरले दोन मुलगे वारल्यावर, नातवाऐवजी धाकटा मुलगा हमीदुल्लाखान यालाच गादी मिळावी म्हणून तिने लंडनपर्यंत जाऊन पाठपुरावा केला आणि १९२६ मध्ये त्याच्यासाठी राज्यत्याग केला. हमीदुल्लाने पुढे थोरली मुलगी आबिदा सुलतान हिला वारस नेमले. परंतु १९४९ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि पुढच्या वर्षी आबिदा पाकिस्तानात गेली.