थंडीच्या पक्ष्याचं कोकणातलं बिऱ्हाड

डिसेंबरच्या अखेरीस दापोलीकडे पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. खळ्यात शेकोटी पेटते, कानटोप्या बाहेर निघतात, आणि परसात नव्यानेच बदकं आणलेली माणसं हमखास विचारतात, खुराड्यात रात्री बल्ब लावू का? चारी बाजूंनी गोणपाट बांधू का? इंटरनेटवर शोधलं तर उत्तरंही ‘हो’ अशीच सापडतात, कारण घरगुती बदकपालनाचे बरेचसे सल्ले कॅनडा, इंग्लंड किंवा अमेरिकेच्या उत्तर भागातून आलेले असतात. तिथे महिनोन्महिने पाणी गोठतं, त्यामुळे तिथली काळजी तिथे बरोबर आहे. आपल्याकडे मोठ्या बदकाला थंडीपासून जपण्यात वेळ घालवू नये. कोकणात बदक दगावतं ते मे महिन्याच्या दुपारी, नाहीतर जुलैच्या ओलीत.

मस्कोव्ही नावाचं बदक सोडलं तर पाळीव बदकांच्या सगळ्या जाती मॅलार्ड या रानबदकापासून आल्या आहेत, आणि मॅलार्ड हे उत्तर गोलार्धातल्या थंड मुलखांत मुरलेलं पाखरू. त्याच्या अंगावर पिसांचे दोन थर असतात. वरची पिसं एकमेकांत घट्ट अडकून पाण्याला आत येऊ देत नाहीत. त्यांच्याखालची मऊ लव हवा धरून ठेवते आणि ही कोंडलेली हवाच उष्णता बाहेर जाऊ देत नाही. शेपटीच्या मुळाशी तेलाची एक ग्रंथी असते. बदक दिवसभर चोच तिथे घासून पिसांवर फिरवत बसतं, ते त्याचं नटणं नव्हे, देखभाल आहे. आंघोळीला स्वच्छ पाणी मिळालं नाही की ही देखभाल थांबते, पिसं चिखलाने चिकटतात आणि पाण्यातला हा पक्षी पाण्यानेच भिजायला लागतो.

बर्फावर तासन्‌तास उभी राहणारी उघडी पावलं हा यातला सगळ्यात सुंदर भाग. पायात उतरणाऱ्या रोहिण्या आणि पायातून वर येणाऱ्या शिरा एकमेकींना बिलगून जातात. खाली निघालेलं गरम रक्त वाटेतच आपली उष्णता वर येणाऱ्या थंड रक्ताला देऊन टाकतं. पावलापर्यंत पोचेस्तोवर ते थंडगार झालेलं असतं, त्यामुळे बर्फाला देण्यासारखं त्याच्याकडे फारसं उरतच नाही, आणि शरीराकडे परतणारं रक्त मात्र कोमट होऊन येतं. पावलात स्नायूही नगण्य. पाय हलवणारे स्नायू वर पिसांच्या आत, खाली नुसत्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या. पाऊल गोठायच्या बेताला आलं की रक्ताचा ओघ थोडा वाढतो, पेशी वाचवण्यापुरता. ज्या प्राण्याच्या पायात अशी सोय आहे त्याला दहा-बारा अंशांत बल्ब लावून बसवणं म्हणजे त्याची झोप मोडणं.

मग थंड देशांतले लोक जाती निवडताना काय बघतात? गोल, जड अंगाचं बदक. वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग जितका कमी, तितकी उष्णता कमी निसटते. म्हणून तिथे पेकिन, रुआँ, कायुगा या जातींना मान. चीनमधून 1873 मध्ये अमेरिकेत गेलेलं पांढरं पेकिन आज तिथलं मांसासाठीचं मुख्य बदक आहे. मस्कोव्हीच्या चेहऱ्यावरच्या लाल, उघड्या मांसल गाठी हिमदंशाने काळ्या पडतात, म्हणून त्याला तिथे जास्त जपावं लागतं. दुसरी अडचण उजेडाची. दिवस लहान झाला की मादी अंडी बंद करते. लंडनमध्ये डिसेंबरचा दिवस आठ तासांचाही नसतो, म्हणून तिथे खुराड्यात दिवे लागतात. रत्नागिरीत वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास असतो. इथे थंडीत अंडी थोडी कमी झाली तरी ती खरी आटतात उन्हाळ्यात, कारण गरमीत बदक खाणंच टाकतं.

आता हेच सगळं उलटं करून बघा. बदकाच्या शरीराचं नेहमीचं तापमान 41 ते 42 अंश सेल्सिअस. त्याला घामाच्या ग्रंथी नाहीत. अंगावर ती दुहेरी पिसं कायमचीच. उष्णता बाहेर टाकायला उरतात तीन वाटा: चोच, पाय आणि धापा. धापा टाकल्यावर श्वासनलिकेतलं पाणी वाफ होऊन जातं आणि अंग निवतं. पण एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावरच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की सकाळी वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळीही दमट लागतो. अशा हवेत धापा टाकून अंग कितीसं निवणार? म्हणून आपल्याकडची 34 अंशांची घामट दुपार पारा दाखवतो त्याहून बरीच वाईट असते. रोहिणी-शिरांची ती करामतही आता उलट्या कामाला लागते. पायाकडे रक्त जास्त सोडलं जातं, आणि बदक थंड पाण्यात उभं असेल तर पाय आणि चोच यांतून उष्णता भराभर निघून जाते.

म्हणून पाणी. तळं नको. विहिरीजवळची दगडी डोण किंवा कापलेलं पिंप चालतं, फक्त नाकपुड्या आणि डोळे बुडवता येतील इतकी, म्हणजे दहा-पंधरा सेंटिमीटर खोली हवी आणि बाहेर पडायला एक तिरकी फळी. ते उन्हात ठेवलं तर दुपारी पाणी तापायला वेळ लागत नाही, म्हणून नारळी-पोफळीच्या सावलीत ठेवायचं आणि दिवसातून दोनदा बदलायचं. टाकलेलं पाणी पोफळीच्या आळ्यात जाईल असं बघितलं तर झाडंही खूश.

जात निवडतानाही थंड देशांची यादी उलटी वाचावी. बाजारात पांढरं पेकिन सहज मिळतं, दिसायला देखणं असतं, आणि नेमकं तेच तीन-चार किलोंचं धूड मे महिन्यात सगळ्यात आधी धापा टाकायला लागतं. अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल बरं. विसाव्या शतकाच्या तोंडावर इंग्लंडमध्ये ॲडेल कॅम्पबेल यांनी हा संकर तयार केला. त्यात इंडोनेशियाच्या बेटांवरच्या सडपातळ रनर बदकाचं रक्त आहे. वजन जेमतेम दोन-सव्वादोन किलो, आणि निगा चांगली असेल तर वर्षाला तीनशेच्या घरात अंडी. मस्कोव्ही मुळात दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या उष्ण भागातलं, त्यामुळे आपली हवा त्याला परकी वाटत नाही. शिवाय ते ‘क्वॅक’ करत नाही, नुसतं फुसफुसतं. शेजाऱ्यांशी आधीच बांधावरून वाजलेलं असेल तर हा गुण मोठा. माझं मत विचाराल तर आपण इंग्लंडकडे कमी आणि केरळातल्या कुट्टनाडकडे जास्त बघायला हवं. चारा आणि चेंबल्ली ही तिथली देशी बदकं पिढ्यान्‌पिढ्या कापणी झालेल्या भातखाचरांतून चरत आली आहेत, आणि तिथला पाऊस, दमटपणा, खाऱ्या पाण्याचा शेजार हे सगळं आपल्यासारखंच आहे.

थंड देशांचा एक नियम मात्र कोकणात तसाच्या तसा लागू पडतो: खुराडं कोरडं आणि वारं खेळतं हवं. बदकाच्या विष्ठेत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. बंद जागेत रात्रभर तिची वाफ आणि अमोनिया साचतो, आणि तो जमिनीलगत, जिथे बदक बसतं तिथेच जास्त असतो. तिकडे या ओलीने हिमदंश होतो, इकडे डोळे चिकटतात आणि छातीचे आजार होतात. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे गोणपाट बांधायचाच तर तो पावसाची झड अडवायला, आणि वळचणीखाली वीतभर मोकळी जागा सोडून. खाली भाताचं तूस किंवा वाळका पेंढा, ओला झाला की बदलायचा. चिऱ्याच्या उघड्या जमिनीवर बदकं ठेवू नयेत. जांभ्याची खरबरीत कड पावलाच्या पातळ कातडीला कापते, त्यात पू होतो आणि बदक लंगडायला लागतं. जाळी मात्र बारीक आणि दणकट हवी. मुंगूस, उदमांजर आणि कोल्हा यांना पावसाची सुट्टी नसते.

कोकणात थंडीला खरोखर भ्यायचं तर पिलांनी. खाकी कॅम्पबेलची मादी अंड्यांवर बसायला फारशी राजी नसते, म्हणून अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. कोंबडीची एकवीस दिवसांची सवय, बदकाला अठ्ठावीस लागतात आणि मस्कोव्हीला पस्तीस, तेव्हा आधी तिची चिकाटी बघून घ्यावी. पिलं निघाली की पाण्याकडे धावतात. त्यांच्या अंगावर नुसती लव असते, पाणी अडवणारी वरची पिसं अजून आलेली नसतात. आईबरोबर वाढणाऱ्या पिलाला तिच्या पिसांतलं तेल लागतं आणि पंखाखाली ऊब मिळते. कोंबडीच्या पिसांत तितकं तेल नसतं, आणि पाण्यात उतरलेल्या पिलामागे ती जातही नाही. जुलैच्या पावसात पागोळ्यांखाली भिजलेलं पिलू पंचवीस अंशांतही गारठून मरतं. बल्ब लावायचा तो इथे. पहिल्या आठवड्यात 32 अंशांच्या आसपास ऊब द्यायची आणि मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. पिण्याचं भांडं असं उथळ की चोच बुडेल, अंग बुडणार नाही. पिलांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलांपेक्षा जवळजवळ दुप्पट लागतं. नुसत्या कोंबडीच्या खाद्यावर वाढवली तर पाय वाकतात. यीस्टमध्ये ते भरपूर असतं, मासळीतही असतं, फक्त खारवलेली घालू नये.

खाद्याचा विषय निघालाच आहे तर बुरशीबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण पावसाळ्यात तिच्यामुळे मोठं नुकसान होतं. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले, बदकाची पिलंही मेली. रोग कुठला ते कळेना. शेवटी माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीचा. तिच्यावर वाढलेल्या ॲस्परजिलस फ्लेवस या बुरशीने तयार केलेलं विष, म्हणजेच अफ्लाटॉक्सिन, यकृत निकामी करत होतं. बदकाचं पिलू या विषाला इतकं नाजूक की पुढे खाद्यातलं अफ्लाटॉक्सिन ओळखायला एक दिवसाची पिलंच वापरली जाऊ लागली. कोंबडीला जे खाद्य पचून जातं ते बदकाला मारू शकतं. शेंगदाण्याची किंवा खोबऱ्याची पेंड, मका, तांदळाची कणी, यांतलं काहीही पडवीच्या कोपऱ्यात पोतं टेकवून ठेवलं की आठवड्यात कुबट वास येतो. उन्हात वाळवून किंवा शिजवून हे विष जात नाही. असं पोतं टाकूनच द्यायचं. पावसाळ्यात आठवड्यापुरतंच खाद्य आणावं आणि झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून वर ठेवावं.

खाडीकाठच्या घरांना एक वेगळा त्रास असतो. उन्हाळ्यात विहिरी मचूळ होतात. मोठ्या बदकाच्या डोळ्यांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, त्या हळूहळू कामाला लागतात आणि ते निभावून नेतं. पिलांना ते जमत नाही, त्यांना गोडं पाणीच हवं. आटत चाललेल्या पऱ्यातल्या डबक्यांतही बदकं सोडू नयेत. कोमट, साचलेल्या पाण्यात मेलेले मासे-किडे कुजले की तिथे बोट्युलिझमचे जिवाणू विष तयार करतात. ते पोटात गेलेल्या बदकाची मान लुळी पडते.

हिवाळ्यात जपायचंच असेल तर पाहुण्यांपासून जपावं. थापट्या, तलवार बदक असे पक्षी मध्य आशिया आणि सायबेरियाकडून आपल्या खाड्यांत आणि तलावांत उतरतात. ते थंडी सोसत नाही म्हणून येत नाहीत. तिकडे पाणी गोठून त्याखालचं अन्न बंद होतं, म्हणून येतात. रानबदकांच्या पोटात बर्ड फ्लूचे विषाणू असू शकतात आणि बदक स्वतः आजारी न दिसताही ते पसरवतं. नोव्हेंबर ते मार्च या काळात घरची बदकं खाडीवर सोडू नयेत, खाद्य उघड्यावर ठेवू नये, आणि कोंबड्यांना वेगळं खुराडं करावं. एकाएकी दोन-चार पक्षी मेले तर ते पऱ्यात फेकू नयेत आणि कापूनही बघू नयेत. उघड्या हाताने न शिवता जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावं.