अकरा मिनिटं की बावीस? अ‍ॅब्सर्ड अ‍ॅनिमेशन मालिकांच्या चढउतारामागची पार्श्वभूमी

अ‍ॅब्सर्ड (म्हणजे तर्काला सोडून असलेल्या) विनोदावर चालणाऱ्या अ‍ॅनिमेशन मालिकांच्या चाहत्यांची एक तक्रार कायमची आहे. एक भाग पोट धरून हसवतो, पुढचा कोरडा जातो आणि दोन्ही त्याच माणसांनी केलेले असतात. लेखकांची प्रतिभा आटली, असं यावर सहसा म्हटलं जातं. पण मालिका बनते कशी, हे पाहिलं की ते कारण अपुरं वाटतं. ज्या गोष्टींमुळे चांगला भाग जमतो त्याच गोष्टी दुसऱ्या भागात अंगावर येतात. त्यांची मुळं बरीचशी १९९४ नंतरच्या दहा-बारा वर्षांत घेतलेल्या निर्णयांत आहेत.

त्याआधीचं थोडक्यात. चित्रपटगृहांतल्या जुन्या कार्टूनपटांची लांबी सहा-सात मिनिटं असे. हालचाल भरपूर आणि तर्क गुंडाळून ठेवलेला. टीव्हीसाठी तेच काम कमी पैशांत करायची वेळ आली तेव्हा हालचाल छाटली गेली. शरीर स्थिर, तोंड आणि पापण्या तेवढ्या हलतात, धावणाऱ्या पात्रामागे तेच झाड पुन्हा पुन्हा येतं. विनोद चित्रातून निघून संवादात गेला. पुढे १९६९ पासून ब्रिटनमधल्या एका प्रहसन-कार्यक्रमात कागदी कात्रणांचं अ‍ॅनिमेशन दोन प्रहसनांना जोडायला वापरलं गेलं. त्यामुळे प्रहसनाला शेवटची टोलेबाज ओळ असलीच पाहिजे ही सक्ती उरली नाही. मध्येच सोडून दिलेला प्रसंगही प्रेक्षक स्वीकारतात, हे तिथे कळलं.

खरं वळण १९९४ चं. अमेरिकेतल्या एका केबल वाहिनीकडे जुन्या कार्टूनांचा मोठा साठा होता आणि नव्या मालिकेसाठी पैसे जेमतेम. तिने १९६६ च्या एका सुपरहिरो मालिकेतली पात्रं जुन्या चित्रीकरणातून उचलली आणि त्या नायकाला मुलाखतीच्या कार्यक्रमाचा सूत्रधार केलं. ‘स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट’ ही ती मालिका. पाहुणे खरे, हाडामांसाचे. त्यांची मुलाखत वेगळी चित्रित व्हायची आणि संकलनाच्या टेबलावर त्यांच्या उत्तरांना भलतेच प्रश्न जोडले जायचे. सूत्रधाराच्या हालचाली मोजक्याच उपलब्ध, म्हणून तोच हात, तीच मान, तीच नजर वारंवार. संवाद संपला तरी चित्र बदलायला दुसरं चित्रच नसायचं, मग ते तसंच धरून ठेवायचं. हे धरून ठेवणं हीच पुढे या प्रकाराची ओळख झाली. पडद्यावर सेकंदाला २४ स्थिर चौकटी, म्हणजे फ्रेम, सरकतात. प्रश्नानंतर अर्धा सेकंद, म्हणजे १२ फ्रेम थांबलं तर ते साधं संभाषण वाटतं. ४८ फ्रेम थांबलं तर अवघडलेपण येतं आणि हसू फुटतं. १०० च्या पुढे गेलं की प्रेक्षकाला वाटतं, काहीतरी बिघडलंय, आणि त्याला तसं वाटावं हाच हेतू असतो. गरिबीतून आलेली ही युक्ती पुढे पैसे असलेल्या मालिकांनीही उचलली. त्यांपैकी अनेकांना ती जमली नाही, कारण त्यांच्याकडे हलवायला पुष्कळ होतं आणि न हलवण्याचा धीर नव्हता.

या मालिकेचे बहुतेक भाग चौथाई तासाच्या स्लॉटचे, जाहिराती वजा जाता साधारण ११ मिनिटांचे. २००१ मध्ये त्याच वाहिनीवर प्रौढांसाठीच्या कार्यक्रमांचा रात्रीचा वेगळा पट्टा सुरू झाला तेव्हा हीच लांबी तिथली रीत बनली. २४ फ्रेमच्या हिशेबाने ११ मिनिटं म्हणजे १५,८४० फ्रेम. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं तर ७,९२० चित्रं. जुनी चित्रं वापरून आणि स्थिर चित्रं धरून प्रत्यक्षात त्याच्या अगदी थोड्या भागात काम भागतं.

वाद आहे तो इथून पुढचा. अकराऐवजी २२ मिनिटं करावीत का? हा निर्णय कलेपेक्षा हिशेबाने घेतला जातो, आणि हिशेब खोटा नाही. अर्ध्या तासाचा भाग दुसऱ्या देशांतल्या वाहिन्यांना विकणं सोपं, पुनःप्रक्षेपणात तो कुठेही बसतो. शिवाय ११ मिनिटांचे दोन भाग म्हणजे दोन पटकथा, दोन पार्श्वभूमी-संच, दोन वेळा नवी पात्रं आणि वस्तू रेखाटणं. २२ मिनिटांच्या एका भागात तोच संच दुप्पट वेळ चालतो. डिझाइनचा मिनिटामागचा खर्च उतरतो.

अ‍ॅब्सर्ड विनोदाचं गणित मात्र उलटं. अशा भागाला पहिल्या दोन मिनिटांत एक वेडा नियम ठरवावा लागतो: एखादी वस्तू बोलते, एखादा आजार फक्त खोटं बोलणाऱ्यांना होतो, एखादं यंत्र मागितलेलं शब्दशः देतं. नियम पक्का झाला की त्याचे परिणाम वाढत न्यायचे, तिसऱ्या-चौथ्या पायरीवर तो अशा जागी न्यायचा जिथे प्रेक्षकाने अपेक्षाच केली नव्हती, आणि बाहेर पडायचं. एवढ्याला सात-आठ मिनिटं पुरतात. उरलेली तीन सुरुवातीला आणि शेवटाला. २२ मिनिटांत हाच नियम ताणला की बाराव्या मिनिटाला तो संपतो. मग दुसरं कथानक आणावं लागतं. दर दोन-तीन मिनिटांनी या कथानकातून त्यात उडी, आणि प्रत्येक उडीला चढत गेलेला वेग तुटतो. नाहीतर शेवटची पाच मिनिटं कौटुंबिक समेटावर जातात, जो त्या जगात कुणी मागितलेला नसतो. जो भाग ‘अर्धा चांगला होता’ असं म्हटलं जातं, त्याची पटकथा उघडून पाहावी. तुटलेली जागा बहुधा पहिल्या कथानकाच्या तिसऱ्या पायरीनंतर सापडते.

२२ मिनिटांच्या बाजूनेही बोलता येतं. २०१३ मध्ये आलेल्या ‘रिक अँड मॉर्टी’ने विज्ञानकथेचा सांगाडा घेतला, त्यामुळे वेडा नियम यंत्राच्या किंवा ग्रहाच्या नावाखाली पटकन सांगता येतो आणि अठराव्या मिनिटाला त्याची किंमत पात्रांकडून वसूल करता येते. अकरा मिनिटांत हे होत नाही. पण यासाठी दोन्ही कथानकं एकाच नियमातून निघावी लागतात. ती वेगवेगळ्या कागदांवर सुचून नंतर शिवली गेली की शिवण दिसते. या प्रकारातले सर्वोत्तम भाग अकराच्या बाजूला जास्त सापडतात, हे मान्य करायला निर्माते अजून तयार नसतात.

दुसरं कारण निर्मितीच्या साखळीत आहे. पटकथा, आवाजाचं ध्वनिमुद्रण, स्टोरीबोर्ड (प्रसंगांची क्रमाने काढलेली कच्ची चित्रं), मग अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं आवाजावर बसवून केलेला कच्चा चित्रपट. तिथून काम बहुधा परदेशातल्या स्टुडिओकडे जातं आणि काही महिन्यांनी रंगीत होऊन परत येतं. अर्ध्या तासाच्या भागाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत नऊ ते बारा महिने लागणं नेहमीचं. विनोदाची वेळ खरी ठरते ती अ‍ॅनिमॅटिकमध्ये. तिथे शांततेचे फ्रेम कमी-जास्त करणं फुकट असतं, रंगीत प्रतीत तेच महाग पडतं, कारण प्रत्येक बदल म्हणजे पुन्हा चित्रं. म्हणून उशिरा सुचलेली ओळ पात्राची पाठ कॅमेऱ्याकडे असताना किंवा ते चौकटीबाहेर असताना घुसवतात. ओठ जुळवावे लागत नाहीत. पण या ओळी नेमक्या त्या शांततेवर जाऊन बसतात जिच्यावर हसू उभं होतं. कमकुवत भागात पाठमोरी पात्रं फार बोलतात, हे एकदा लक्षात आलं की दर वेळी दिसतं.

अ‍ॅब्सर्ड विनोद महागही असतो. ‘आठवतं, मी तेव्हा पाणबुडीत नोकरीला होतो’ या ओळीनंतर पाच सेकंदांचं दृश्य दाखवायचं तर पाणबुडी, तिच्यातली मंडळी, गणवेश, सगळं नव्याने काढावं लागतं. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘फॅमिली गाय’ने अशा तुटक दृश्यांचीच सवय लावली. हंगामाच्या उत्तरार्धात डिझाइनचे पैसे संपत आले की कथा घरात, गाडीत, एका खोलीत अडकते. काही वेळा त्यातून उत्तम भाग निघतो, कारण मूळ गरिबी परत येते. बहुतेक वेळा नुसतीच बडबड निघते.

वेगळा रस्ता एकाच मोठ्या मालिकेने टिकवला. ‘साउथ पार्क’चा १९९७ मधला पहिला भाग खरोखरचे कागद कापून केलेला. नंतर तोच साधेपणा संगणकावर आणून प्रक्षेपणाच्या आठवड्यातच, सहा दिवसांत भाग उभा करण्याची पद्धत बसली. ताजेपणा मिळतो, दुसऱ्यांदा विचार करायला वेळ मिळत नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये स्टुडिओची वीज गेली आणि पहिल्यांदाच एक भाग वेळेवर पोहोचला नाही. इतक्या कडेवर ते काम चालतं. त्या मालिकेतला चढउतार विषय पकडण्यातला असतो. महिनोन् महिने खपून केलेल्या मालिकांचा चढउतार लयीत असतो. दोन्हींना एकच माप लावून तुलना करणाऱ्यांचा इथे घोळ होतो.

प्रक्षेपणाचा क्रमही विसरू नये. भाग बनतात एका क्रमाने, दाखवले जातात दुसऱ्या. वाहिनी जमलेले भाग आधी आणि शेवटी लावते, पडलेले मध्ये पेरते. आठवड्याला एक पाहताना ते खपून जायचं. डीव्हीडीच्या संचांनी आणि नंतर स्ट्रीमिंगने हंगाम सलग दाखवायला सुरुवात केली तेव्हा मधला खड्डा उघडा पडला. शिवाय लागोपाठ चार भाग पाहिले की लांबलेली शांतता, मध्येच सोडलेला प्रसंग, अचानक आलेला अनोळखी माणूस या युक्त्या ओळखू येतात. अ‍ॅब्सर्ड विनोदाला दोन भागांमधलं अंतर लागतं. ते अंतर आता प्रेक्षकाच्या हाती आहे आणि बहुतेक जण ते ठेवत नाहीत.

सलग पाहण्यातूनच आणखी एक दबाव आला, तो सातत्याचा. पूर्वी प्रत्येक भागाअखेर जग कोरं व्हायचं. मेलेलं पात्र पुढच्या वेळी जिवंत. आता प्रेक्षक घटनांची नोंद ठेवतात, मोठं कथासूत्र मागतात आणि लेखक ते देतात. २०१८ मध्ये ‘रिक अँड मॉर्टी’चे ७० भाग एकदम मागवले गेले. त्यामुळे दोन हंगामांमधली लांबलचक रिकामी जागा कमी झाली, पण एकाच वेळी अनेक भाग वेगवेगळ्या टप्प्यांवर हाताळणं आलं. सकाळी एका भागाची पटकथा, दुपारी दुसऱ्याचं अ‍ॅनिमॅटिक, संध्याकाळी तिसऱ्याच्या रंगीत प्रतीतल्या दुरुस्त्या. ज्या भागाचं अ‍ॅनिमॅटिक थकलेल्या संध्याकाळी मंजूर झालं, त्याच्या शांतता वर्षभराने पडद्यावर एक तर सहा फ्रेम आखूड असतात, नाहीतर वीस फ्रेम लांब.