पृष्ठीय गुरुत्व : वस्तुमान आणि त्रिज्या

ग्रहाच्या पृष्ठभागाजवळ मोकळी सोडलेली वस्तू ज्या त्वरणाने खाली येते, त्याला त्या ग्रहाचे पृष्ठीय गुरुत्व म्हणतात. पृथ्वीवर त्याचे सरासरी मूल्य ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. म्हणजे हवेचा अडथळा नसेल तर पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंदाने वाढत जातो. वस्तू जड आहे की हलकी, याने काही फरक पडत नाही. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडले, आणि दोन्ही एकदमच जमिनीला टेकले.

न्यूटनच्या नियमानुसार हे त्वरण दोनच गोष्टींवर ठरते. ग्रहाच्या वस्तुमानाला गुरुत्व स्थिरांकाने गुणायचे आणि त्रिज्येच्या वर्गाने भागायचे, की उत्तर मिळते. वस्तुमान दुप्पट झाले तर गुरुत्व दुप्पट होते. वस्तुमान तेच ठेवून त्रिज्या दुप्पट केली, तर ते चौपटीने घटते. गोलाकार ग्रहाचे सगळे वस्तुमान जणू केंद्रात एकवटले आहे असे मानून हिशेब करता येतो, म्हणून पायाखालच्या जमिनीपासून केंद्र किती दूर आहे याला एवढे महत्त्व.

चंद्राचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ८१ व्या हिश्श्याइतके आहे, पण गुरुत्व मात्र सहाव्या हिश्श्याइतके, १.६२ मीटर प्रति सेकंद वर्ग. चंद्राची त्रिज्या पृथ्वीच्या जेमतेम पाव हिश्श्याहून थोडी जास्त असल्याने तिथला पृष्ठभाग केंद्राच्या बराच जवळ येतो. २०२३ मध्ये चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान-३ मधील प्रज्ञान ही बग्गी २६ किलोग्रॅमची. ती तिथे ताणकाट्याला टांगली असती, तर काटा साधारण ४.३ वर थांबला असता. दोन पारड्यांच्या तराजूत मात्र समोर २६ किलोचीच मापे टाकावी लागली असती, कारण मापेही तितकीच हलकी झालेली असतात. वस्तुमान आणि वजन यांतला फरक समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

त्रिज्येची ताकद खरी दिसते ती बुध आणि मंगळ शेजारी ठेवल्यावर. मंगळ बुधाच्या जवळजवळ दुप्पट वस्तुमानाचा आहे, तरी दोघांचे पृष्ठीय गुरुत्व सुमारे ३.७ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे जवळपास सारखेच. मंगळाची त्रिज्या सुमारे ३३९० किलोमीटर आहे, तर बुधाची २४४०. मंगळाने जास्तीच्या वस्तुमानातून जे मिळवले, ते वाढलेल्या अंतरात गमावले. बुध इतका घट्ट असण्याचे कारण त्याच्या पोटात आहे: त्याचा लोहमय गाभा त्रिज्येचा चार-पंचमांशाहून अधिक भाग व्यापतो. पूर्वी एखाद्या प्रचंड टकरीत बुधाचे बाहेरचे खडकाळ आवरण उडून गेले असावे, असा एक तर्क मांडला जातो.

असे आवरण उडाले तर गुरुत्व घटेलच असे नाही. पृथ्वीचे उदाहरण घेऊ. तिच्या गाभ्याची त्रिज्या सुमारे ३४८० किलोमीटर आहे आणि तिच्या एकूण वस्तुमानाचा साधारण एक-तृतीयांश भाग त्यात आहे. गाभ्यावरचे सगळे प्रावरण आणि कवच सोलून काढले आणि गाभा आहे तसाच राहिला अशी कल्पना केली, तर उरलेल्या गोळ्यावर गुरुत्व सुमारे १०.७ भरेल, आजच्यापेक्षा जास्त! दोन-तृतीयांश वस्तुमान गेले, पण अंतर जवळपास निम्मे झाले.

उलट टोकाला शनी आहे. त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट, पण विषुववृत्तीय त्रिज्या साडेनऊ पटीच्या आसपास. साडेनऊचा वर्ग नव्वदीत जातो, त्यामुळे दोन्ही आकडे एकमेकांना जवळपास खाऊन टाकतात आणि गुरुत्व पृथ्वीपेक्षा किंचितच जास्त उरते. शनीला घट्ट जमीन नाही. त्यामुळे जिथे वायूचा दाब आपल्या समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका भरतो, ती पातळी पृष्ठभाग म्हणून धरतात. तो स्वतःभोवती फार वेगाने फिरत असल्याने विषुववृत्तावर प्रत्यक्ष जाणवणारे त्वरण आणखी कमी, सुमारे ९ असते.

हेच सूत्र घनतेच्या भाषेतही मांडता येते: पृष्ठीय गुरुत्व हे सरासरी घनता आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. सारख्याच घनतेचे दोन ग्रह घेतले आणि एकाची त्रिज्या दुप्पट असली, तर त्याचे वस्तुमान आठपट आणि गुरुत्व दुप्पट होते. ‘मोठा ग्रह म्हणजे जास्त गुरुत्व’ हा समज एवढ्यापुरताच खरा आहे.

पृथ्वीवरही गुरुत्व सगळीकडे एकसारखे नाही. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलज्ञ जाँ रिशे यांनी पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या कायेनला नेलेले लंबकाचे घड्याळ रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले आणि लंबक आखूड करावा लागला. विषुववृत्तावर पृथ्वी फुगीर आहे, शिवाय तिथे परिवलनाचा परिणामही सर्वाधिक. म्हणून तिथे हे मूल्य ९.७८ आहे, तर ध्रुवांवर ९.८३. ६० किलोच्या माणसाला हा फरक ताणकाट्यावर सुमारे ३०० ग्रॅमचा दिसेल.

इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचे गुरुत्व काढण्यासाठी दोन वेगळी मोजमापे जुळवावी लागतात. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना प्रकाश किती मंदावतो यावरून त्रिज्या कळते, आणि ग्रहाच्या ओढीने तारा किती डगमगतो यावरून वस्तुमान. दोन्ही हाती आल्यावरच गुरुत्व निघते, आणि तिथले वातावरण किती उंच पसरलेले असेल, याचा हिशेब त्या आकड्याशिवाय मांडता येत नाही.