काहीच चालू नसताना नेटवर्कचा दिवा का लुकलुकतो?

“संगणकावर काहीच चालू नाही, तरी केबलजवळचा दिवा लुकलुकतोय. कोणी आत शिरलंय का?” हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. बहुतेक वेळा घाबरण्याचे कारण नसते. केबलमधून इतरांसाठीची पॅकेटेही (माहितीचे छोटे तुकडे) येत असतात आणि तुमचे नेटवर्क कार्ड, म्हणजे संगणकातला केबल जोडायचा भाग, ती दारातच टाकून देते.

इथरनेटच्या, म्हणजे केबलच्या नेटवर्कच्या, प्रत्येक पॅकेटच्या (नेमका शब्द फ्रेम) सुरुवातीला ते ज्याच्यासाठी आहे त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख) असतो: ४८ बिट, म्हणजे ६ बाइट. पत्ता पुढे असल्यामुळे उरलेले पॅकेट पोहोचण्याआधीच कार्ड तो पडताळू शकते. जुळला नाही, तर प्रोसेसरला त्या पॅकेटची खबरही लागत नाही. हे काम कार्डाकडेच हवे, कारण १ गिगाबिटच्या केबलवर ६४ बाइटची छोटी पॅकेटे सलग आली, तर सेकंदाला सुमारे १४,८८,००० होतात.

ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून पाठवलेले पॅकेट, मात्र अडवता येत नाही. ४८ च्या ४८ बिट १ असलेला पत्ता सगळ्यांसाठी असतो. आयपीव्ही४ मध्ये (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) “हा आयपी पत्ता कोणाचा?” ही एआरपीची विचारणा याच पत्त्यावर जाते, म्हणून एकाच नेटवर्कवर शेकडो यंत्रे असली की प्रत्येकाला सगळ्यांचे ऐकावे लागते. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत हीच विचारणा आयपी पत्त्याच्या शेवटच्या २४ बिटांवरून ठरणाऱ्या मल्टिकास्ट गटाकडे (सगळ्यांकडे नव्हे, ठरावीक यंत्रांच्याच गटाकडे) जाते आणि बाकीची कार्डे ती परस्पर गाळतात. आम्हाला ही सुधारणा फार मोलाची वाटते.

खरी गुंतागुंत मल्टिकास्टमध्ये आहे. कार्डात नेमके पत्ते लिहून ठेवायला मोजक्याच जागा असतात. त्या पुरल्या नाहीत, की अनेक कार्डे हॅश तक्ता वापरतात, उदाहरणार्थ ६४ खणांचा. पत्त्यावरून गणित करून खण ठरतो. त्या खणावर खूण असेल तर पॅकेट आत. दोन वेगळे पत्ते एकाच खणात पडू शकतात, त्यामुळे हवे ते पॅकेट सुटत नाही, पण नको ते कधीतरी आत येते. शिवाय आयपीव्ही४ च्या गट-पत्त्याचे फक्त २३ बिट मॅक पत्त्यात उतरतात, म्हणून ३२ गटांचा मॅक पत्ता एकच होतो. शेवटची छाननी ऑपरेटिंग सिस्टिमलाच करावी लागते.

म्हणूनच कॅमेऱ्यांचे व्हिडिओ मल्टिकास्टने पाठवले जात असतील, तर त्यांच्याशी संबंध नसलेला प्रिंटरही मंदावू शकतो. अशा ठिकाणी आम्ही स्विचवर (अनेक केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीवर) आयजीएमपी स्नूपिंग ही सोय सुरू करतो, म्हणजे ज्या पोर्टवर मागणी आहे तिथेच तो व्हिडिओ जातो. त्यासोबत नेटवर्कवर एक क्वेरिअर, म्हणजे कोणाला कोणता गट हवा हे ठरावीक वेळाने विचारणारा, लागतो. तो नसेल तर काही मिनिटांत चित्र थांबू शकते.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो: कार्डाची ही गाळणी संगणकाचे श्रम वाचवते, गुपिते राखत नाही. कार्ड प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये टाकले की ते समोर येणारे सगळे घेते. राउटरमधले “मॅक फिल्टर” वेगळे. ते पाठवणाऱ्याचा पत्ता तपासते आणि तो पत्ता सॉफ्टवेअरने बदलता येतो. वायफायला डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेच्या पद्धती) आणि लांब पासवर्डच ठेवा.

दिवा अखंड, वेगाने लुकलुकत असेल आणि सगळीच यंत्रे अडखळत असतील, तर एकाच केबलची दोन्ही टोके स्विचमध्ये तर लागलेली नाहीत ना, हे आधी पाहा. मग आम्हाला फोन करा.