खाऱ्या पाण्यात टिकणारा थेंब

ओहोटीच्या वेळी रत्नागिरी-मालवणकडच्या कातळांवर शिनाणे, म्हणजे एका जातीचे शिंपले, दिसतात. कुणी त्यांना काकई म्हणतं. एखादं ओढून पाहा, सहजी सुटत नाही. शिंपल्यातून तपकिरी धाग्यांचा झुबका निघालेला असतो आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला दगडाला घट्ट बसलेली बारीक चकती. ओल्या दगडावर, तेही खाऱ्या पाण्यात, हा गोंद धरतोच कसा?

शिनाणं आपल्या पायाच्या, म्हणजे जिभेसारख्या मांसल अवयवाच्या, खोबणीत प्रथिनं सोडतं. त्यातली काही पाण्यात विरघळून न जाता दाट, वाहत्या थेंबांच्या रूपात वेगळी होतात. अशा थेंबांना कोअसर्व्हेट म्हणतात. हे नाव 1929 साली बुंगेनबर्ग द योंग आणि क्राउट या डच शास्त्रज्ञांनी दिलं.

थेंब घरीही करता येतात. जिलेटिन आणि बाभळीचा डिंक वेगवेगळ्या कोमट पाण्यात अगदी पातळ विरघळवा, एकत्र करा आणि थेंब थेंब व्हिनेगर घाला. आम्लात जिलेटिनवर धन विद्युतभार येतो, डिंकावर ऋण असतोच. मिश्रण दुधाळ होतं. सूक्ष्मदर्शकाखाली गोल थेंब दिसतात, दोन भेटले की एक होतात. आता चिमूटभर मीठ टाका, दुधाळपणा ओसरतो. व्हिनेगरऐवजी कोकमाचं आगळ वापरू नका, त्यात मीठ भरपूर असतं.

मीठ एवढं का नडतं? प्रयोगशाळेत धनभारित पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) आणि ऋणभारित सोन्याचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) एकत्र करतात, तिथेही हेच घडतं. धन-ऋण ओढीने ते जवळ येतात, पण खरा जोर बहुधा दुसरीकडून मिळतो. प्रत्येक भारित रेणूभोवती विरुद्ध भाराच्या लहान आयनांचं, म्हणजे विद्युतभारित कणांचं, कडं असतं. दोघे जुळले की ते आयन सुटतात, पाण्यात मोकळे फिरतात आणि व्यवस्थेची एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणा, वाढते; निसर्गाचा कल तिकडेच असतो. पाण्यात आधीच मीठ असेल, तर आणखी आयन सुटून फारसं काही मिळत नाही. शिवाय मिठाचे आयन भारांची एकमेकांवरची ओढही झाकून टाकतात. उलट, ओढ फारच घट्ट झाली तर थेंब न होता घट्ट गठ्ठे होतात. हा मधला तोल मला या सगळ्यात फार विलक्षण वाटतो.

मग लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असलेल्या समुद्रात शिनाण्याचं कसं निभतं? त्याच्या प्रथिनांमध्ये भाराखेरीज डोपा नावाची अमिनो आम्लं असतात. ती दगडाला धरतात, एकमेकांशी जोडली जातात आणि थेंब घट्ट होतो. पायाच्या बंद खोबणीत पाणी आम्लधर्मी असतं, म्हणून डोपा वेळेआधी खराब होत नाही.

ओल्या जखमेवर चालणारा गोंद करू पाहणारे संशोधक पेप्टाइडमध्ये डोपासारखे भाग मुद्दाम घालतात. शरीरातल्या द्रवांशी जुळणाऱ्या सलाइनमध्येही लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं; नुसत्या विद्युतभारांवर जुळलेले बरेचसे थेंब तेवढ्यातही विरघळून जातात.