जुनी ऑटोमॅटिक मर्सिडीज: केबलला हात लावण्याआधी
(डब्ल्यू १२३ आणि डब्ल्यू १२४ मालकांसाठी)

गिअर उशिरा पडतो, नाहीतर पडताना झटका बसतो, म्हणून गाडी आमच्याकडे येते आणि बॉनेट उघडलं की कळतं, गिअरबॉक्सची केबल आधीच घरी फिरवून झाली आहे. मूळ जागेवर खूणही केलेली नसते. मग सगळं पहिल्यापासून लावावं लागतं आणि तो वेळ बिलात चढतो.

या चार गिअरच्या बॉक्सला कॉम्प्युटर नाही. ॲक्सिलरेटरच्या लिंकेजवरून येणारी केबल गिअर कधी पडायचा ते ठरवते. ताणली की उशिरा, सैल सोडली की लवकर. गिअर किती जोरात पडायचा, ते मुख्यतः मॉड्युलेटरचं काम, आणि त्याला इंजिनाची खबर व्हॅक्यूमच्या बारीक नळीतून मिळते. झटका घालवायला केबल सैल करणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

झटक्याचं मूळ बऱ्याचदा या नळीतच सापडतं. रबरी जोड इतक्या वर्षांत कडक होऊन चिरतात. व्हॅक्यूम गळलं की बॉक्समधलं प्रेशर वाढतं आणि गाडी लाथ मारते. डिझेलवाल्यांसाठी सोपी खूण: चावी फिरवल्यावर इंजिन रेंगाळत बंद होत असेल, तर आधी व्हॅक्यूम तपासा, कारण इंजिन बंदही त्यानेच होतं. १२३ मध्ये दारांची लॉकंसुद्धा त्याच व्हॅक्यूमवर चालतात, त्यामुळे मागच्या दारातला फाटका डायफ्राम (लॉक हलवणारा रबरी पडदा) गिअरला झटके देऊ शकतो! मॉड्युलेटरवरची नळी काढून बघा. आतून लाल तेलाने ओली असेल तर मॉड्युलेटर फाटलाय. तो बदलायचाच, ॲडजस्ट करून काही होणार नाही.

मॉड्युलेटरच्या रबरी टोपीखाली टी आकाराची चावी असते. ती सोडत नेऊन गिअर लोण्यासारखा करून घेण्याचा मोह टाळा. प्रेशर फार उतरलं की दोन गिअरच्या मध्ये आरपीएम उगाच वर जातो, म्हणजे क्लच प्लेटा घसरत असतात. पुढचा खर्च मग अख्ख्या बॉक्सचा.

तेल गाडी चांगली गरम झाल्यावर, सपाट जागी, पी मध्ये, इंजिन चालू ठेवूनच बघायचं. थंड गाडीत काडी कमी दाखवते, लोक वर तेल ओततात आणि जास्त झालेलं तेल फेसाळतं. आणि हो, बरीच मॉडेलं हलक्या पायाने दुसऱ्या गिअरवरच उठतात. पहिला गिअर गेलेला नसतो.

आम्ही नळ्या, तेल आणि लिंकेजचे बुश बघितल्याशिवाय केबलला हात लावत नाही. थोडं फिरवायचं, रस्त्यावर चालवून बघायचं, मग पुन्हा थोडं, असंच हे काम चालतं. थंड इंजिनावरची चाल सकाळीच कळते, म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी सोडा. रबरी जोड आणि मॉड्युलेटर आमच्याकडे ठेवलेले असतात, आणि काम आमच्याकडे केलंत तर तपासणीचे पैसे त्यातून वजा होतात.

केबल आधीच फिरवली असेल तर कुठल्या बाजूला आणि किती, तेवढं मात्र सांगा. आम्ही रागावत नाही.