व्हीपीएफ वाढवताय? आधी अडीच लाखांचा हिशेब करा

पगारातून कापल्या जाणाऱ्या १२ टक्के पीएफच्या वर स्वेच्छेने भरायची रक्कम म्हणजे व्हीपीएफ. ईपीएफचा (कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा) सदस्य असलेल्या नोकरदाराला ती भरता येते, अगदी मूळ वेतन अधिक महागाई भत्ता एवढी पूर्ण रक्कमसुद्धा. व्याज ईपीएफच्याच दराने. २०२४-२५ साठी ८.२५ टक्के. कंपनीवर मात्र आपला वाटा वाढवण्याचं बंधन नाही.

लोक दोन मर्यादांची गल्लत करतात. दीड लाखाची मर्यादा प्राप्तिकरातल्या ८०सीच्या वजावटीची, म्हणजे करपात्र उत्पन्नातून वगळता येणाऱ्या रकमेची. ती जुन्या करप्रणालीतच मिळते आणि विम्याचा हप्ता, गृहकर्जाची मुद्दल हेही त्यातच बसवायचं असतं. अडीच लाखांची मर्यादा व्याजाची आहे. १ एप्रिल २०२१ पासून, आर्थिक वर्षात तुमचा स्वतःचा वाटा (ईपीएफ अधिक व्हीपीएफ) अडीच लाखांपुढे गेला, तर वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो. कंपनीचा वाटा यात धरत नाहीत. ही वरची रक्कम पीएफमध्येच करपात्र म्हणून वेगळी मांडली जाते आणि तिच्यावरचं व्याज पुढेही दरवर्षी करपात्रच राहतं. एका वर्षाचा प्रश्न आहे असं समजून बिनधास्त भरणाऱ्यांच्या नेमकं हेच लक्षात येत नाही.

समजा महिन्याचं मूळ वेतन एक लाख आहे आणि १२ टक्के पूर्ण वेतनावर कापले जातात. वर्षाचे झाले १,४४,०००. अडीच लाखांतून उरले १,०६,०००, म्हणजे महिन्याला साधारण ८,८३० रुपये व्हीपीएफ. कंपनी मान्य करत असेल तर टक्क्यांऐवजी ठरावीक रक्कमच लिहून द्या, नाहीतर पगारवाढीबरोबर कपातही वाढते आणि मर्यादा नकळत ओलांडली जाते. वर्षाच्या मध्येच नोकरी बदलली तर दोन्हीकडच्या कपातीची बेरीज करा.

अर्ज एचआर किंवा पगार विभागाकडे, लेखी किंवा कंपनीच्या पोर्टलवर. बऱ्याच कंपन्या ही संधी आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच देतात, तेव्हा मार्चमध्येच विचारून ठेवा. वेगळं खातं उघडावं लागत नाही. यूएएनला (पीएफ सदस्याच्या कायमच्या क्रमांकाला) आधार, पॅन आणि बँक खातं जोडलेलं असलं की झालं. पुढच्या एक-दोन महिन्यांत पगारपत्रक आणि पीएफचं पासबुक ताडून पाहा.

करपात्र व्याज वर्षाला ५,००० रुपयांवर गेलं तर १० टक्के टीडीएस (व्याज देतानाच कापून घेतलेला कर) कापतात. पॅन जोडलेला नसेल तर २० टक्के. पण टीडीएस कापला म्हणजे कर फिटला असं नाही. ते व्याज विवरणपत्रात इतर उत्पन्नात दाखवून स्लॅबनुसार होणारा फरक भरावा लागतो.